जाहीर यादीने मुलं वाचतात का?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात तालुक्याच्या न्यायालयात वकिली केली. फिर्यादीचं वकीलपत्रही त्यांनी घेतलं आणि आरोपीचंही. दोन्ही बाजूंना तितक्याच गांभीर्याने ऐकून घ्यायचं, हा त्यांचा शिरस्ता होता. ज्या प्रश्नावर एक बाजू ऐकून घ्यायचीही कुणाची तयारी नसते, असाच प्रश्न आज मी मांडणार आहे. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसांची नावं, फोटो आणि पत्ते सरकारने सर्वांसमोर उघडे करावेत का?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. २० ऑगस्टला हजारो माणसं रेल्वे रुळांवर उतरली आणि कित्येक तास लोकल बंद राहिल्या. तो संताप खरा होता, त्याची टिंगल करायचा अधिकार कुणालाही नाही. अशा प्रत्येक घटनेनंतर दोन मागण्या हमखास होतात. पहिली, आरोपीला चौकात फाशी द्या. दुसरी जरा सुशिक्षित, म्हणून अधिक वजनदार वाटणारी : परदेशात असते तशी या लोकांची यादी करा, ती इंटरनेटवर टाका, आमच्या आसपास कोण राहतं ते आम्हाला कळू द्या.

या दुसऱ्या मागणीबद्दलचं माझं मत आधीच सांगून टाकते. अशी नोंद असावी, पण ती पोलिसांकडे असावी. मुलांशी संबंध येणाऱ्या नोकरीच्या दारावर तिचा उपयोग व्हावा. चौकात मात्र ती लागू नये. हे मी गुन्हेगारांच्या दयेपोटी म्हणत नाही. जाहीर यादीने मुलं वाचत नाहीत, आणि आपल्याकडे तर ती अत्याचार झालेल्या मुलांनाच आणखी अडचणीत आणेल, असं अभ्यासाअंती माझं ठाम मत झालं आहे.

जाहीर यादीचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, म्हणून सुरुवात तिथून करू. लैंगिक गुन्हेगारांची राज्यव्यापी नोंद कॅलिफोर्नियाने १९४७ सालीच सुरू केली होती, पण ती पोलिसांपुरती होती. देशभर कायदा झाला तो एका अपहरणामुळे. २२ ऑक्टोबर १९८९ च्या रात्री मिनेसोटातल्या सेंट जोसेफ या छोट्या गावात जेकब वेटरलिंग हा अकरा वर्षांचा मुलगा धाकटा भाऊ आणि मित्राबरोबर सायकलवरून घरी येत होता. मुखवटा घातलेल्या एका माणसाने बंदुकीच्या धाकाने त्याला पळवलं. जेकबची आई पॅटी वेटरलिंग यांनी पुढची वर्षं त्याच्या शोधात आणि मुलांच्या सुरक्षिततेच्या कामात घातली. त्यांच्या पाठपुराव्यातून १९९४ मध्ये जेकबच्या नावाचा केंद्रीय कायदा झाला आणि प्रत्येक राज्याला अशी नोंद ठेवणं भाग पडलं. ती जाहीर करण्याची सक्ती मात्र तेव्हा नव्हती.

त्याच वर्षीच्या जुलैत न्यू जर्सीतल्या हॅमिल्टन टाउनशिपमध्ये मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. खुनी समोरच्याच घरात राहत होता. मुलांवरच्या अत्याचाराबद्दल त्याला याआधी दोनदा शिक्षा झाली होती. मेगनच्या आईवडिलांचं म्हणणं साधं होतं : समोर कोण राहतं हे आम्हाला ठाऊक असतं, तर आमची मुलगी आज जिवंत असती. या वाक्यापुढे कोणता आमदार उभा राहणार? जेमतेम तीन महिन्यांत न्यू जर्सीने ‘मेगनचा कायदा’ केला. मे १९९६ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या सहीने तो देशभर लागू झाला आणि माहिती लोकांना देणं राज्यांवर बंधनकारक झालं. २००६ मध्ये ॲडम वॉल्श या आणखी एका मारल्या गेलेल्या मुलाच्या नावाने अधिक कडक कायदा आला. त्यात गुन्हेगारांचे तीन स्तर केले गेले. खालच्या स्तरावर पंधरा वर्षं नोंद, मधल्यावर पंचवीस, वरच्यावर मरेपर्यंत. वरच्या स्तरातल्या माणसाने दर तीन महिन्यांनी स्वतः हजर व्हायचं. काही गंभीर गुन्ह्यांसाठी चौदा वर्षांची मुलंसुद्धा या नोंदीत आली.

आज तिथे सात लाखांहून अधिक माणसं अशा याद्यांवर आहेत. ही नोंद दिसते कशी, तेही सांगते. संकेतस्थळावर आपल्या भागाचं नाव किंवा पिन कोड टाकायचा. नकाशा उघडतो, त्यावर ठिपके दिसतात. ठिपक्यावर बोट ठेवलं की एक चेहरा समोर येतो. खाली नाव, वय, उंची, वजन, डोळ्यांचा रंग, अंगावरच्या जखमांच्या खुणा आणि गोंदण, घराचा पत्ता, गुन्ह्याचं कलम, काही राज्यांत गाडीचा नंबरही. न्यू जर्सीत एडिसन, प्रिन्स्टनच्या परिसरात आपली अनेक मराठी कुटुंबं आहेत. घर घेताना शाळा कशी आहे हे पाहतात, तसा हा नकाशाही पाहतात. आईबाप म्हणून त्यांचं काही चुकत नाही. प्रश्न एवढाच, की तो नकाशा जे दाखवतो, त्यापासून मुलांना खरंच धोका आहे का? आणि धोका जिथून आहे, ते तो दाखवतो का?

अमेरिकेच्या न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागाने २००० साली पोलिसांकडे आलेल्या गुन्ह्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. अठरा वर्षांखालच्या पीडितांपैकी सुमारे ३४ टक्के मुलांवर अत्याचार करणारा घरचाच होता. ५९ टक्के प्रकरणांत तो ओळखीचा होता. अनोळखी माणूस होता फक्त ७ टक्क्यांत. आपल्याकडचं चित्रही वेगळं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी जे आकडे देतो, त्यांत बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. काका, मामा, बाप, शेजारी, शिकवणीचे सर, गाडीवाले काका. यांना ओळखण्यासाठी आईला नकाशा लागत नाही. तिला लागतं ते मुलाच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्याचं धैर्य.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. यादीवर येण्यासाठी माणूस आधी पकडला जावा लागतो, मग दोषी ठरावा लागतो. न्यूयॉर्क राज्यातल्या संशोधकांनी वीसएक वर्षांच्या अटकांची छाननी केली आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. लैंगिक गुन्ह्यांत अटक झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक माणसांवर त्याआधी अशा गुन्ह्याचा दोषच सिद्ध झालेला नव्हता. अटक झाली त्या दिवशी ही माणसं कुठल्याही यादीवर सापडली नसती.

जेकबचंच पाहा. सत्तावीस वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये, एका माणसाने गुन्हा कबूल केला आणि जेकबचे अवशेष कुठे पुरले ते दाखवलं. तो त्याच परिसरातला होता. जेकबच्या आधी नऊ महिने, जवळच्याच गावात त्याने दुसऱ्या एका मुलाला पळवून अत्याचार केला होता. पोलिसांनी त्याची चौकशी केली होती, पण पुरावा जुळला नाही आणि तो सुटला. १९८९ मध्ये तो कुठल्याही लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेला नव्हता. म्हणजे जेकबच्या नावाची यादी त्या रात्री अस्तित्वात असती, तरी जेकबला नेणाऱ्याचं नाव तिच्यावर नसतं. आधीच्या मुलाचं प्रकरण तडीला गेलं असतं, तर मात्र जेकब कदाचित वाचला असता. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा धडा वाटतो.

आता कुणी म्हणेल, सगळे नाही पण काही तरी पुन्हा गुन्हा करतातच ना? करतात. मेगनचा खुनी तसाच होता. पण किती करतात, याबद्दलची समजूत कशी तयार झाली ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ च्या दोन निकालांत म्हटलं, की लैंगिक गुन्हेगारांनी पुन्हा गुन्हा करण्याचा धोका भयावह आणि मोठा आहे. उपचार न घेतलेल्यांमध्ये तो ८० टक्क्यांपर्यंत जातो, असा आकडाही २००२ च्या निकालात आला. पुढे एका कायद्याच्या प्राध्यापकाने पत्नीच्या साथीने या आकड्याचं मूळ शोधलं. मूळ निघालं १९८६ साली एका लोकप्रिय मानसशास्त्रीय मासिकात आलेल्या लेखात. तो लेख तुरुंगात उपचाराचा कार्यक्रम चालवणाऱ्याने लिहिलेला होता आणि आकड्याला कसलाही आधार दिलेला नव्हता. तोच आकडा एका सरकारी पुस्तिकेत गेला, तिथून निकालात, आणि निकालातून देशभरच्या न्यायालयांत.

मोजून काढलेले आकडे असे आहेत. १९९४ मध्ये पंधरा राज्यांतून सुटलेल्या ९,६९१ पुरुष लैंगिक गुन्हेगारांपैकी तीन वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्ह्यासाठी अटक झालेले ५.३ टक्के होते. २००५ मध्ये तीस राज्यांतून सुटलेल्यांचा नऊ वर्षं माग काढला, तेव्हा हे प्रमाण ७.७ टक्के निघालं. इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. हे प्रमाण इतर कैद्यांपेक्षा तिप्पट आहे, आणि कित्येक गुन्ह्यांची तक्रारच होत नसल्याने खरा आकडा याहून मोठा असणार. म्हणूनच पोलिसांकडे नोंद असावी, असं मी म्हणते. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजून सगळ्यांचे चेहरे कायमचे टांगून ठेवावेत, असं या आकड्यांतून निघत नाही.

या कायद्यांचा परिणामही मोजला गेला आहे. ज्या न्यू जर्सीत मेगनचा कायदा जन्माला आला, तिथेच सरकारी अनुदानातून अभ्यास झाला. २००८ च्या त्याच्या निष्कर्षानुसार पुन्हा घडणारे लैंगिक गुन्हे कायद्यामुळे कमी झाल्याचं दिसलं नाही. २०११ मध्ये प्रेस्कॉट आणि रॉकॉफ या दोन अभ्यासकांनी अनेक राज्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा आणखी विचार करायला लावणारी गोष्ट समोर आली. केवळ पोलिसांकडे नोंद असते तिथे गुन्हे कमी होताना दिसतात. तीच नोंद सर्वांना खुली केली, की यादीवरची माणसं पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता उलट वाढते. कारण समजायला कठीण नाही. घर नाही, नोकरी नाही, जवळ कुणी नाही आणि पुढे काही बदलण्याची आशा नाही, अशा माणसाला सुधारून मिळवायचं काय आणि बिघडून गमवायचं तरी काय?

घर नाही म्हणजे किती नाही, याचं उदाहरण मायामीत आहे. तिथल्या काउंटीने २००५ मध्ये नियम केला, की अशा गुन्हेगाराने शाळेपासून २,५०० फुटांच्या आत राहायचं नाही. दाट वस्तीच्या शहरात शाळांभोवती अशी वर्तुळं काढल्यावर राहायला जागाच उरली नाही. मग ही माणसं ज्युलिया टटल कॉजवे या समुद्रखाडीवरच्या पुलाखाली राहू लागली. त्यांच्यावर देखरेख ठेवणारे अधिकारीच त्यांना तिथे पाठवत होते. वर सहापदरी रहदारी आणि खाली काँक्रीटच्या उतारावर तंबू. रात्री ठरलेल्या वेळी हजर राहायचं, अधिकारी येऊन मोजणार. पायातल्या इलेक्ट्रॉनिक कड्याची बॅटरी भरण्यासाठी जनरेटर लावलेला. काहींच्या वाहन परवान्यावर सरकारनेच पत्ता म्हणून पुलाचं नाव छापलं होतं. अनेक वर्षं ही वस्ती होती. २०१० मध्ये ती उठवली, तेव्हा माणसं विखुरली आणि शहरात दुसरीकडे पुन्हा उघड्यावर जमली. आता सांगा, पक्कं घर, नोकरी आणि नातेवाइकांचा धाक असलेला माणूस जास्त धोक्याचा, की पुलाखाली राहणारा?

यादी पाहून लोक काय करतात, याचाही अनुभव आहे. एप्रिल २००६ मध्ये मेन राज्यात एका तरुणाने इंटरनेटवरच्या यादीतून पत्ते काढले आणि दोन माणसांना त्यांच्या घरी जाऊन गोळ्या घातल्या. त्यांतल्या एकाचा गुन्हा होता, एकोणीस वर्षांचा असताना अजून सोळा वर्षं पूर्ण न झालेल्या मैत्रिणीशी ठेवलेले संबंध. यादीवर कलम असतं, प्रकरणाची हकिकत नसते.

ब्रिटनमध्ये तर सरकारी यादीचीही गरज पडली नाही. २००० च्या जुलैत सेरा पेन या आठ वर्षांच्या मुलीचा खून झाल्यावर एका साप्ताहिकाने गुन्हेगारांची नावं आणि फोटो छापण्याची मोहीम उघडली. ऑगस्टमध्ये पोर्ट्समथमधल्या पॉल्सग्रोव्ह वस्तीत जमाव घराघरांवर चालून गेला, निरपराध कुटुंबांना घर सोडून पळावं लागलं. पण ब्रिटनने पुढे जे केलं ते आपण पाहण्यासारखं आहे. तिथली नोंद १९९७ च्या कायद्यापासून पोलिसांकडे आहे आणि आजही ती जाहीर नाही. सेराच्या आईच्या आग्रहातून निघालेली योजना २०११ पर्यंत इंग्लंड-वेल्समध्ये सर्वत्र लागू झाली. आपल्या मुलाच्या सहवासात येणाऱ्या एखाद्या व्यक्तीबद्दल शंका असेल, तर पालकाने पोलिसांकडे विचारणा करायची. पोलीस तपासतात. धोका असेल तर ज्याला मुलाचं रक्षण करता येईल त्यालाच सांगतात, आणि ही माहिती पुढे न पसरवण्याची अट असते. आईचा प्रश्न ऐकला जातो आणि जमावाच्या हातात यादी पडत नाही.

न्यायाच्या दृष्टीने मूळ प्रश्न असा आहे. न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा दिली. माणसाने ती भोगली. नंतरचं हे जे आयुष्यभर चालतं, ती शिक्षा आहे की नाही? २००३ मध्ये अलास्काच्या प्रकरणात अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ही शिक्षा नाही, ही केवळ माहिती आहे. म्हणून कायदा होण्याआधी घडलेल्या गुन्ह्यांनाही ती लागू करता आली. पुढे राज्यांनी या ‘माहिती’वर राहण्याची, फिरण्याची, काम करण्याची इतकी बंधनं चढवली, की २०१६ मध्ये मिशिगनच्या कायद्याबद्दल एका संघीय अपील न्यायालयाला म्हणावं लागलं, ही शिक्षाच आहे आणि ती मागल्या तारखेने लावता येणार नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ कॅरोलिनातली समाजमाध्यमं वापरण्यावरची सरसकट बंदी एकमताने रद्द केली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलं, की फेरविचाराची संधीच नसलेली जन्मभराची नोंद मानवी हक्कांशी विसंगत आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रत्येक दोषीची आपोआप नोंद करण्याची तरतूद घटनाबाह्य ठरवली. या न्यायालयांना मुलांची पर्वा नव्हती, असं कुणी म्हणू शकणार नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की माणूस पाहा, धोका मोजा आणि काही काळाने पुन्हा तपासा.

पॅटी वेटरलिंग यांनीही पुढे हेच बोलून दाखवलं. ज्यांच्या दुःखातून हा कायदा उभा राहिला, त्यांनीच पुढे जाहीर याद्यांच्या व्याप्तीबद्दल, आणि विशेषतः अल्पवयीन मुलांना यादीवर टाकण्याबद्दल, उघड शंका घेतल्या. त्यांच्याइतका अधिकार या विषयावर क्वचितच कुणाला असेल.

आता आपल्या देशाकडे येऊ. २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्रीय गृहखात्याने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग सांभाळतो. सुरुवातीलाच तिच्यात ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. माझ्या मते हा निर्णय योग्य आहे. पण त्यावर दबाव कायम आहे. २०१९ मध्ये हैदराबादच्या पशुवैद्यक तरुणीच्या खुनानंतर आंध्र प्रदेशाच्या विधानसभेने दिशा विधेयक मंजूर केलं, त्यात अशी नोंद जनतेला खुली करण्याची कल्पना होती. त्याच वाटेने महाराष्ट्राचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालं. दोन्हींना राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. पुढच्या एखाद्या घटनेनंतर ही मागणी पुन्हा उभी राहील. म्हणून आज, डोकं शांत असताना, आपण विचार केला पाहिजे.

महाराष्ट्राला तरी नोंदवहीचा इतिहास नव्याने सांगायला नको. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी, कैकाडी, भामटा अशा कित्येक जमातींची माणसं नोंदली गेली. रोज हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. सोलापूरला तारेच्या कुंपणाच्या आत सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, त्या माणसांना विमुक्त म्हटलं गेलं. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि गावात चोरी झाली की पोलीस आजही आधी पारध्याच्या पालावर जातात. मला इथे फरक स्पष्ट केला पाहिजे. तिथे माणूस जन्माने नोंदला जात होता, इथे न्यायालयाने दोषी ठरवल्यावर नोंदला जातो. हा फरक मोठा आहे आणि तो पुसून चालणार नाही. पण नोंदवहीचा स्वभाव आपल्याला तिथे कळला. नाव एकदा चढलं की उतरत नाही, आणि ते बापाकडून मुलाकडे, मुलाकडून वस्तीकडे जातं. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या हिस्ट्रीशीटबद्दल हाच इशारा दिला. हा पोलिसांचा अंतर्गत दस्तऐवज आहे, तो जाहीर करायचा नाही, आणि घरातल्या अल्पवयीन मुलांची ओळख त्यात यायला नको. पूर्वग्रहापोटी दुर्बल समाजातल्या निरपराधांची नावं या नोंदींत चढतात, ही चिंताही न्यायालयाने बोलून दाखवली.

आणि आता तो मुद्दा, ज्यासाठी मी हा विषय निवडला.

समजा, बापाने मुलीवर अत्याचार केला आहे. तो दोषी ठरला. त्याचं नाव, गाव, फोटो संकेतस्थळावर आला, शेजारी लिहिलं ‘पॉक्सो’, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. त्या गावात कुणाला सांगावं लागेल का, की ती मुलगी कोण? पीडितेची ओळख उघड करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. पॉक्सोच्या कलम २३ मध्ये ते स्पष्ट आहे. डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नाव न घेता अप्रत्यक्षपणेही ओळख पटेल असं काही छापता येणार नाही. जाहीर यादी नेमकं तेच करेल, सरकारी शिक्क्यानिशी करेल, आणि ती मुलगी तीस वर्षांची झाली तरी ते पान तिथे असेल.

सत्र न्यायालयाच्या व्हरांड्यात अशा आया मी पाहिल्या आहेत. मुलगी बाकावर बसलेली असते, हातात बिस्किटाचा पुडा. आई सरकारी वकिलांपाशी येऊन हळूच विचारते, ‘साहेब, पेपरात नाव येणार नाही ना?’ शिक्षा किती होईल, हे ती नंतर विचारते. सासर, दीर, जाऊ, सगळे तिच्या विरोधात गेलेले असतात. अशा बाईला आपण सांगणार, की तुझ्या नवऱ्याचा फोटो आता आयुष्यभर सगळ्या जगाला दिसेल? ती तक्रार मागे घेईल. दुसरी एखादी पोलीस ठाण्याची पायरीच चढणार नाही. जिथे गुन्हेगार घरातला असतो, तिथे जाहीर यादीची भीती गुन्हेगाराआधी मुलाचं तोंड बंद करते.

शिवाय यादीवर येणार कोण, हेही पाहा. बलात्काराच्या खटल्यांत आपल्याकडे शिक्षेचं प्रमाण २७-२८ टक्क्यांच्या आसपास घोटाळत राहिलं आहे. ज्याला चांगला वकील मिळतो, जो साक्षीदार फोडू शकतो, तो सुटतो आणि यादीबाहेर राहतो. आणि यादीत येण्याची शक्यता असणाऱ्यांमध्ये अशीही मुलं आहेत, ज्यांचा गुन्हा म्हणजे पळून जाऊन केलेलं प्रेम. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने संमतीचं वय अठरा झालं. आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधल्या सात हजारांहून अधिक निकालांचा एन्फोल्ड या संस्थेने अभ्यास केला. त्यांतली सुमारे २४ टक्के प्रकरणं प्रेमसंबंधांची होती. त्यांतले बहुतेक मुलगे निर्दोष सुटतात. पण जे सुटत नाहीत, त्यांचा फोटो तीन वर्षांच्या मुलीवर अत्याचार करणाऱ्याच्या शेजारी लावायचा का? आणि लावलाच, तर खरा धोका कोणापासून हे त्या पानावरून पालकांना कसं कळणार?

मग पालकांच्या हातात काही द्यायचंच नाही का? द्यायचं आहे, आणि यादीपेक्षा जास्त द्यायचं आहे.

पॉक्सोच्या २०२० च्या नियमांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेवर कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करण्याची जबाबदारी टाकली आहे. राष्ट्रीय नोंदीचा खरा उपयोग इथे आहे. शाळा, वसतिगृह, स्कूलबस, क्रीडा प्रशिक्षण, कंत्राटी सफाई, सगळीकडे. ही पडताळणी कागदोपत्री उरकली जाते की खरोखर होते, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला हवा. विशिष्ट माणसाबद्दल शंका असेल तर ब्रिटनसारखी विचारणा करण्याची सोय हवी. नोंदीत गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार मुदत हवी आणि ठरावीक वर्षांनी फेरतपासणी हवी. अल्पवयात केलेल्या चुकीची नोंद मोठेपणी मागे लागू नये, हे आपल्या बाल न्याय कायद्याचं तत्त्व आहे, ते शाबूत राहिलं पाहिजे. आणि तुरुंगातून सुटणाऱ्या माणसावर देखरेख, समुपदेशन आणि कामधंद्याची व्यवस्था हवी. ती त्याच्यासाठी वाटत असेल, पण ती आपल्या मुलांसाठी आहे.

या सगळ्याहून आधी तक्रार ऐकणारा माणूस हवा. बदलापूरमध्ये आईबापांना तक्रार नोंदवून घेण्यासाठीच तासन् तास थांबावं लागलं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा शाळेच्या आणि पोलिसांच्या या दिरंगाईवर कडक शब्दांत ताशेरे ओढले. अत्याचाराची माहिती असूनही न कळवणं पॉक्सोच्या कलम २१ नुसार गुन्हा आहे. हे कलम प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर, मुख्याध्यापकांच्या खोलीत लागलेलं असलं पाहिजे. भिंतीवर काही टांगायचंच असेल, तर ते हे टांगा.

मित्रहो, लाज आणि भीती यांच्या जोरावर समाज सुरक्षित होत नाही. झालाच असता, तर अमेरिका तीस वर्षांत झाली असती. आपल्या पुढच्या आमसभेत, शाळेच्या पालक सभेत, आमदारांच्या भेटीत एक प्रश्न विचारा : आमच्या शाळेतल्या, बसमधल्या प्रत्येक माणसाची पडताळणी शेवटची कधी झाली, आणि मुलाने तक्रार केली तर ती पहिल्या तासात कोण नोंदवून घेणार? याचं उत्तर लेखी मागा. ते मिळेपर्यंत मागत राहा.